माशांचा समाज

संस्कृत वाङ्मयात ‘मत्स्यन्याय’ असा एक शब्द आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो आणि त्याला कोणी जाब विचारीत नाही. राजाच्या दंडाचे भय उरले नाही म्हणजे प्रजेतही बलवान लोक दुर्बलांना असेच गिळू लागतात, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने हा दृष्टान्त समर्पक आहे यात शंका नाही; परंतु त्यामुळे माशांवर मात्र थोडा अन्याय झाला. मासा म्हणजे थंड रक्ताचा, मुका, खाणे आणि खाल्ले जाणे यांखेरीज दुसरे काही न जाणणारा जीव, अशी समजूत रूढ होऊन बसली. घरात काचेच्या पेटीत मासे पाळणारी माणसेही पुष्कळदा त्यांच्याकडे फुलदाणीतील फुलांकडे पाहावे तशीच पाहतात. रंग कोणता, शेपटी केवढी, किंमत किती, एवढेच ती विचारतात. या माशाचा स्वभाव कसा आहे, त्याला कोणाची संगत हवी आणि कोणाची नको, हा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो.

वस्तुतः हाच प्रश्न प्रथम विचारायला हवा. गेल्या शंभर वर्षांत अनेक देशांतील प्राणिशास्त्रज्ञांनी माशांच्या वागणुकीचा बारकाईने अभ्यास केला. त्यावरून असे दिसून आले आहे की, माशांतही धीट आणि भित्रे असतात, सोबती आणि वैरी असतात, मानकरी आणि आश्रित असतात, आणि मुलांसाठी उपाशी राहणारे आईबापही असतात.

अशा आईबापांचे उदाहरण पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही; तथापि दोन समुद्रांकडे जाणारे पाणी या एकाच जिल्ह्यातून वाहते. अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या उत्तरेकडील पाणी नळगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेला व तेथून तापीला मिळून अरबी समुद्राकडे जाते. दक्षिणेकडील पाणी पैनगंगा व खडकपूर्णा यांच्या वाटेने शेवटी गोदावरीत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. अशा नद्यांत, धरणांच्या जलाशयांत व गावतळ्यांत आढळणारा मरळ मासा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो वरचेवर पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, म्हणून थोड्या गढूळ पाण्यातही तगून राहतो. मरळ हा शिकारी मासा. लहान मासे व बेडूक हे त्याचे भक्ष्य. मत्स्यन्यायाचे उदाहरण म्हणून त्याच्याकडेच बोट दाखवावे असा त्याचा लौकिक. पण विणीच्या दिवसांत त्याचे दुसरे रूप दिसते. काठाजवळच्या पाणवनस्पतींत जागा मोकळी करून तेथे मरळाची जोडी अंडी घालते. ही अंडी पाण्यावर तरंगतात आणि त्यांच्याखाली पहारा सुरू होतो. पिले बाहेर पडली म्हणजे तांबूस रंगाचा त्यांचा एक दाट घोळका पाण्यात फिरू लागतो आणि पालक त्याच्या आसपास राहून जवळ येणाऱ्यावर धावून जातो. एरवी लहान माशांचा काळ असणारा हा प्राणी आपल्या शेकडो पिलांचा मात्र रक्षक बनतो. हा रखवालदार जाळ्यात सापडला तर पिलांची काय गत होत असेल, ते सांगावयास नको.

मरळ तळ्यात राहतो. परंतु माणसाच्या दाराशी, किंबहुना अंगणात राहणारा एक मासाही येथे आहे. तो म्हणजे गप्पी. उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवू लागली म्हणजे गावोगाव हौद, टाक्या व पिंपे भरून ठेवावी लागतात. साठलेले पाणी म्हणजे डासांच्या अळ्यांचे माहेरघर. हिवताप व डेंग्यू यांना आळा घालण्यासाठी आरोग्य विभागाचे कर्मचारी वापराच्या पाण्याचे हौद, पडक्या विहिरी व डबकी यांत गप्पी मासे सोडतात. हे मासे डासांच्या अळ्या खातात. हौदात वाकून पाहणाऱ्या मुलांना हे इवलेसे मासे पाहून मौज वाटते. पण आपल्या आरोग्याचा एक पहारेकरी तेथे पोहत आहे, हे त्यांतील सर्वांनाच ठाऊक असते असे नाही.

गप्पी हे नाव ऐकून तो फार गप्पा मारणारा असावा, असे एखाद्या मुलास वाटेल. पण त्या नावाचा गप्पांशी संबंध नाही. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील प्रदेशाचा व लगतच्या बेटांचा. त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट लेचमियर गप्पी या निसर्ग-अभ्यासकाने त्याचे नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि १८६६ मध्ये त्या गृहस्थाचे नाव माशाला देण्यात आले. पुढे असे आढळले की, पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८५९ मध्येच या माशाचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्रीय नाव म्हणून पीटर्सने दिलेले नाव टिकले. लोकांच्या तोंडी मात्र गप्पी हेच राहिले. या माशाची मादी अंडी घालीत नाही, ती जिवंत पिलांना जन्म देते. नर लहान पण रंगीत, तर मादी मोठी व साधी असते.

या क्षुद्र वाटणाऱ्या माशाने शास्त्रज्ञांना एक मोठी गोष्ट शिकवली. त्रिनिदादच्या ओढ्यांत गप्पींना खाणारे मोठे मासे असतात. असा शत्रू दिसला म्हणजे सगळे गप्पी पळून जात नाहीत. त्यांतील एक-दोन पुढे होतात, शत्रूच्या दिशेने थोडे अंतर जातात, थांबतात, न्याहाळतात आणि परत येतात. शत्रू भुकेला आहे की नुसता पहुडला आहे, याचा जणू ते अंदाज घेतात. काही गप्पी अशी टेहळणी वारंवार करतात, काही क्वचित करतात आणि काही मुळीच पुढे होत नाहीत. अमेरिकेतील ली डुगाटकिन या शास्त्रज्ञाने या गुणावरून गप्पींचे धीट, मध्यम व भित्रे असे तीन गट केले आणि प्रत्येक गट एका शिकारी माशाच्या सहवासात ठेवला. साठ तासांनंतर भित्र्या गटातील शंभरांस चाळीस व मध्यम गटातील शंभरांस पंधरा या प्रमाणात मासे जिवंत होते. धीट गटातील एकही उरला नव्हता. हा प्रयोग १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग धीटपणा माशांच्या जातीतून नाहीसा का झाला नाही? या प्रश्नाचे एक उत्तर १९९६ मध्ये मिळाले. गप्पीची मादी जोडीदार निवडताना धीट नराला पसंती देते, असे आढळून आले. शिवाय टेहळणी करणाऱ्याने आणलेल्या वार्तेचा लाभ साऱ्या कळपाला होतो. भित्रा अधिक जगतो, धीट अधिक आवडतो. म्हणून दोन्ही स्वभाव पिढ्यानपिढ्या टिकून राहतात.

कोणी म्हणेल की, हे भेद जन्मतःच रक्तात असतील किंवा निरनिराळ्या परिस्थितीमुळे पडले असतील. या शंकेचा विचार बर्लिन येथील संशोधकांनी केला. गप्पीच्याच कुळात ‘अॅमेझॉन मॉली’ नावाचा एक मासा आहे. या जातीत सर्व माद्याच असतात आणि प्रत्येक पिलू आनुवंशिक दृष्ट्या आईची हुबेहूब नक्कल असते. अशी पिले जन्मल्याबरोबर वेगळी करून, एकसारख्या टाक्यांत, एकसारख्या व्यवस्थेत वाढवली. घडण एक, घर एक, अन्न एक. तेव्हा वागणेही एकच असावे अशी अपेक्षा. परंतु काही आठवड्यांनी पाहिले तो कोणी चपळ तर कोणी शांत, आणि ज्याची जी वृत्ती ती प्रत्येक वेळी तशीच दिसे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने असे दाखवले की, अगदी एका साच्यातून काढलेल्या माशांतही ज्याचा त्याचा स्वभाव निराळा असतो.

स्वभाव व्यक्तीचा असतो. पण अनेक माशांचे जीवन समूहाचे असते. दानिओ, टेट्रा, बार्ब अशा जातींचे मासे कळपाने राहतात. आपल्या देशाच्या ओढ्यांतील निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा हा त्यांतलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याची नोंद केली होती. आज तो जगभरच्या प्रयोगशाळांत पाळला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालते. कळपात राहण्याचे लाभ स्पष्ट आहेत. अनेक डोळे असल्याने शत्रू लवकर दिसतो, आणि एकाच वेळी वळणाऱ्या शेकडो शरीरांत नेमके कोणाला धरावे हे शिकाऱ्याला उमगत नाही. एकमेकांना न धडकता हे मासे वळतात कसे? त्यांच्या दोन्ही कुशींवर एक सूक्ष्म रेघ असते, तिला पार्श्वरेषा म्हणतात. तिच्या योगाने त्यांना पाण्याची लहानशी हालचालही जाणवते. तिला डोळ्यांची जोड मिळाली की शेजाऱ्याचे वळणे लगेच कळते.

कळपात संकटाची वार्ताही अद्भुत रीतीने पसरते. मधमाश्यांचे नृत्य उलगडून दाखवणारे कार्ल फॉन फ्रिश यांना एकदा असे आढळले की, कळपातील एका माशाला जखम झाली की बाकीचे मासे भयभीत होऊन दूर पळतात. १९३८ मध्ये त्यांनी यामागचे कारण सांगितले. जखमी कातडीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते आणि त्याचा वास लागताच इतर मासे सावध होतात. मासा ओरडला नाही, तरी त्याच्या दुखापतीची वार्ता सोबत्यांना पोहोचली. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासाबद्दल फ्रिश यांना पुढे १९७३ मध्ये कोनराड लॉरेन्झ व निको टिनबर्गेन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

जेथे समाज आहे तेथे मानापमान व भांडणेही आहेत. थायलंडकडून आलेला फायटर मासा तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे. दोन नर समोरासमोर आले की ते कल्ले फुगवतात, पर पसरतात आणि झुंजू लागतात. आरशातील प्रतिबिंब पाहूनही तो असाच चवताळतो. पण हा मासा आंधळेपणाने भांडतो असे मात्र नव्हे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फायटर नराला शेजारच्या दोन नरांची झुंज काचेआडून पाहू दिली. नंतर त्याची त्या दोघांशी गाठ घालून दिली, तेव्हा विजेत्याजवळ जाताना तो अधिक सावधपणे वागला. कोण जिंकले हे त्याने पाहिले होते आणि ध्यानात ठेवले होते.

याहूनही नवलाची गोष्ट आफ्रिकेतील सिक्लिड माशांची. २००७ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी एका नराला काही झुंजी पाहू दिल्या. ‘अ’ने ‘ब’ला हरवले, ‘ब’ने ‘क’ला, ‘क’ने ‘ड’ला आणि ‘ड’ने ‘इ’ला. ‘ब’ आणि ‘ड’ यांची झुंज त्याने कधीच पाहिली नव्हती. तरीही या दोघांपैकी एकाजवळ जाण्याची वेळ आली तेव्हा तो दुबळ्या ‘ड’कडे वळला. ‘ब’ हा ‘क’पेक्षा बलवान, ‘क’ हा ‘ड’पेक्षा बलवान, म्हणून ‘ब’ हा ‘ड’पेक्षा बलवान, गणिताच्या तासाला शिकवावे असे हे अनुमान माशाने आपल्या व्यवहारात केले.

भांडखोर म्हणून नावाजलेले हेच मासे घरसंसारात किती कोमल असतात पाहा. फायटर नर तोंडाने हवेचे बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचे घरटे बांधतो, खाली पडणारी अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि पिले बाहेर येईपर्यंत तेथून हलत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे आपल्याकडील चिलापी, हाही सिक्लिड कुळातलाच. त्याची मादी अंडी आपल्या तोंडात ठेवून उबवते आणि त्या काळात बहुधा काही खात नाही. पिले पोहू लागल्यावरही भय वाटले की आईच्या मुखात परत शिरतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१९ मध्ये जोडीने राहणाऱ्या एका सिक्लिड जातीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका रंगाचे झाकण उघडल्यास खाऊ मिळतो, दुसऱ्या रंगाचे उघडल्यास मिळत नाही, असे माद्यांना शिकवले. मग दोहोंच्या मधल्या रंगाचे झाकण पुढे ठेवले. आवडीचा जोडीदार जवळ असलेली मादी ते आशेने उघडू लागे. परंतु ज्या मादीचा जोडीदार काढून नेला होता, ती उघडण्यास अधिक वेळ लावी. निराश मनुष्यही संशयाच्या प्रसंगी असाच मागे सरतो.

माशाला काही आठवत नाही, ही समजूतही चुकीची ठरली आहे. ऑस्ट्रेलियातील एका जातीच्या माशांनी पुढे सरकणाऱ्या जाळीतील भोक शोधून निसटण्याची युक्ती थोड्याच प्रयत्नांत आत्मसात केली आणि अकरा महिन्यांनंतरही ती त्यांना आठवत होती. मासे सर्वस्वी मुके नाहीत. काही गौरामी मासे करकर असा आवाज काढतात. ते बहिरे तर नाहीतच. रोहू, कटला, झेब्रा, गोल्डफिश यांच्या कुळात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते आणि तिच्यामुळे त्यांना चांगले ऐकू येते. पेटीच्या काचेवर बोटांनी टिचक्या मारणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेआडचे मासे पाहणे हा अनेकांना अपूर्व अनुभव होता. आता लहान गावांच्या बाजारातही रंगीत मासे विकत मिळतात. मासे पाळणे सोपे झाले. त्यांना जाणणे मात्र मागे राहिले. कळपाने राहणारा मासा एकटाच आणला तर तो भेदरून कोपरा धरतो. अशा जातीचे निदान सहा-आठ मासे एकत्र असावेत. पट्टेरी टायगर बार्ब संख्येने थोडे असले तर दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतात. मोठ्या कळपात मात्र त्यांची कुरबुर आपसातच राहते. फायटरचे दोन नर एकत्र ठेवू नयेत. लांब शेपटीच्या गप्पीलाही तो प्रतिस्पर्धी समजून चावतो. एंजल मासा संथ दिसतो, पण मोठा झाला की लहान मासे गिळतो. गोल्डफिश चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून पाळला जात आहे. तो वीतभर वाढणारा व पाणी लवकर घाण करणारा मासा आहे. त्याला लहानशा गोल भांड्यात ठेवणे म्हणजे हळूहळू गुदमरवणे होय. भित्र्या माशाला लपण्यासाठी दगड व वनस्पती हव्यात.

पाण्याचाही विचार करावा लागतो. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असतो. म्हणून ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरावे, आणि सारे पाणी एकदम न बदलता थोडे थोडे बदलावे. पूर्णेच्या खोऱ्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद अशा भागांत खारपाणपट्टा आहे. तेथील क्षारयुक्त पाण्यात अॅमेझॉनच्या मृदू पाण्यातला निऑन टेट्रा सुखाने राहणार नाही. गप्पी व मॉली मात्र असे पाणी बऱ्याच अंशी सोसतात. आपल्या पाण्याला मानवेल असाच पाहुणा घरी आणावा.

आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. मासे पाळण्याचा कंटाळा आला म्हणजे काही लोक ते नदीत किंवा तळ्यात सोडून देतात आणि आपण पुण्य केले असे मानतात. परंतु पेटीतून सुटलेला सकर मासा भारतातील अनेक नद्यांत पसरला आहे, आणि बाहेरून आलेल्या चिलापीने कित्येक जलाशय व्यापले आहेत. अशा परक्या माशांमुळे देशी माशांचे अन्न व विणीची जागा हिरावली जाते. ज्या काठाशी मरळ आपल्या पिलांना राखतो, त्या काठाशी हे संकट आपणच नेऊन सोडू नये. डासांसाठी सोडलेले गप्पीदेखील बंद हौदांत व टाक्यांतच असावेत, वाहत्या ओढ्यांत नसावेत. नकोसा झालेला मासा दुसऱ्या पाळणाऱ्याला किंवा दुकानदाराला परत द्यावा.

मोठा मासा लहान माशाला खातो हे खरेच आहे; ते निसर्गात चालायचेच. परंतु काचेच्या पेटीत कोण मोठा, कोण लहान, कोणाच्या शेजारी कोण राहावे, हे निसर्ग ठरवीत नाही; ते माणूस ठरवतो. त्या चार काचांच्या राज्याचा राजा तोच असतो. कौटिल्याच्या मते दुर्बलांचे रक्षण हे राजाचे काम. तेव्हा मासे घरी आणण्यापूर्वी दुकानाच्या काचेपुढे थोडा वेळ स्थिर उभे राहावे. कोणता मासा पुढे येतो, कोणता आडोसा शोधतो, कोण कोणाला पिटाळतो, ते शांतपणे पाहावे. एवढे पाहिल्यावर जो मासा निवडला जाईल, तो पेटीची शोभा म्हणून नव्हे, तर स्वभाव असलेला एक जीव म्हणून घरात येईल.